कड्यांच्या जागा

“गप बसा वो बाई, मी मासा हाय!”

शेजारच्या वहिनी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. आता तुम्हीच सांगा, गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बाईनं असल्या वाक्यावर काय बोलायचं?

झालं होतं असं. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला रंकाळ्याच्या अंगाला एका गल्लीत आम्ही भाड्याचं घर घेतलं. मी शाळेत शिक्षिका. रविवारी सकाळी धुणं वाळत घालायला मागच्या दारी आले आणि बघते तर काय, शेजारच्या परसात एक माणूस लांबलचक काठी धरून उभा. परसाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई. तिच्या हाताला दोरी बांधलेली आणि ती सगळा जोर लावून मागं रेललेली. माझं डोकंच फिरलं. बाईमाणसावर हात उगारलेला मला खपत नाही, मग शेजार नवा असो नाहीतर जुना. मी तिथूनच ओरडले, “अहो, काठी टाका आधी! टाका म्हणते ना खाली!”

त्या माणसानं दचकून काठी सैल सोडली आणि ती बाई मागच्या मागं धुण्याच्या दगडावर जाऊन आदळली. उठली ती माझ्यावरच धावून आली. मी मासा हाय हे त्या वेळचं. वर आणखी, “आत्ता कुटं कडी जाग्यावर बसलीती, घालवलासा की समदं!”

मी आ वासून उभी. हातातला पेटीकोट मातीत पडला तरी मला पत्ता नाही.

मग हळूहळू उलगडा झाला. तो माणूस म्हणजे मिस्त्री. उद्यमनगरात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान होतं. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि उरलेल्या वेळात गळाच्या काठ्या बांधायच्या, हा त्यांचा शौक. हळूहळू तो धंदाच झाला. फायबरची नुसती काठी मुंबईहून यायची. तिला मूठ बसवायची, रीळ बसवायचं आणि मग कड्या. तुमच्यापैकी कुणी गळ टाकत असेल तर त्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रिळापासून काठीच्या टोकापर्यंत ओळीनं कड्या असतात आणि त्यांच्यातून तंगूस जातो, म्हणजे ती नायलॉनची बारीक दोरी. मला वाटायचं, कड्या काय, टीचभर अंतर सोडून एकेक बांधली की झालं. हे मी एकदा वहिनींसमोर बोलून गेले आणि आयुष्यभराचा धडा घेतला.

“टीचभर? बाई, तुमी ब्लाऊजला बटनं लावताय व्हय? काठी वाकत्या ती समदीकडं सारकी वाकत्या का? बुडाला ताठ, मदी जरा लवती आन टोकाला पार लव्हाळ्यागत. जितं जास्ती लवती तितं कड्या जवळ जवळ. न्हाईतर तंगूस काठीवर घासतो आन मोठा मासा लागला की तुटतो. काठीच मोडती एकादवेळी.”

म्हणून ही तऱ्हा. मिस्त्री आधी कड्या कच्च्या लावायचे, सायकलच्या वॉलट्यूबचे तुकडे घालून. मग तंगूस ओवून दुसरं टोक वहिनींच्या हातात. वहिनी पदराचा बोळा करून तळहातावर धरायच्या, त्यावर तंगूसाचे वेढे घ्यायच्या आणि ओढायच्या. कधी रोहूसारख्या, सावकाश आणि जड. कधी मरळीसारखा हिसका. “आता मरळ आली बगा!” म्हणून असा काही झटका द्यायच्या की मिस्त्री दोन पावलं पुढं यायचे. समोरून काठीची सगळी कमान वहिनींना दिसायची. तंगूस कुठं टेकतोय हे डोळ्याच्या आधी बोटाला कळायचं म्हणे.

“घासतंय की वो! तिसरी कडी म्होरं घ्या. दोन बोटं.”

“दोन कशाला? एक बास.”

“ओडतीया कोन, तुमी का मी?”

रविवारची सकाळ आमच्या गल्लीत ही अशी उजाडायची. पहिल्यांदा वाटायचं, या दोघांचं काही धड नाही. पुढं लक्षात आलं की त्यांचं प्रेमाचं बोलणं तेवढंच होतं. मूलबाळ नव्हतं, सिनेमाबिनेमाला कधी गेलेले मी पाहिले नाहीत. दोन बोटं की एक बोट, यावरून मात्र दोघं तास तास भांडायची आणि शेवटी कडी वहिनी म्हणतील तिथंच बसायची. मग मिस्त्री रेशमाचा दोरा इतका देखणा गुंडाळायचे की बघत राहावं. त्यावर मोटारीचंच वार्निश. त्यांच्या हातालाही तोड नव्हती, उगीच खोटं कशाला बोलू?

पण एक भानगड होती. गळ टाकणाऱ्या पुरुषांच्या डोक्यात विटाळाचं खूळ फार. काठी घेऊन निघालेल्या माणसाला बायकोनं कुठं चाललाय विचारलं की गडी माघारी फिरतो. बाईनं काठी ओलांडली तर वर्षभर मासा लागत नाही. आणि बाईचा हात लागला तर काठीच मेली. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मग बघितलं की कुणीच हसत नाहीये. तेव्हा मला खरा धक्का बसला. जयसिंगपूर, पेठ वडगावहून मोटारसायकलवर येणारी शिकली-सवरलेली माणसं होती ती.

त्यामुळं ही ओढाओढी परसात, आणि पुढचं दार लावून. गिऱ्हाईक आलं की वहिनी आत.

एकदा मात्र पेठ वडगावचे एक पावणे पुढच्या दारावर थाप न मारता बोळातून थेट परसात आले. काठी वाकलेली, तंगूस ताणलेला, वहिनी टोकाला. मी माझ्या परसात होते, माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि वहिनींनी काय करावं? शेजारच्या बादलीतलं ओलं पोलकं उचललं आणि त्या ताणलेल्या तंगूसावर वाळत टाकलं! मग टॉवेल. मग मिस्त्रींची बंडी. पावणे बघतच राहिले.

“मिस्त्री, हे काय वो? तुमी धुण्याची दोरी धरून हुबं ऱ्हाताय?”

“काय करता पावणं,” मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, “घरात खुट्टी न्हाय.”

मी घरात पळाले आणि उशीत तोंड घालून हसले.

मला मात्र या लपवालपवीचा संताप यायचा. मी वहिनींना म्हणायची, “सांगून का टाकत नाही एकदाचं? कमाल आहे तुमची.” त्या म्हणायच्या, “सांगितलं तर काठी घील कोन? एवड्याश्या दुकानावर भागतंय व्हय आमचं?” मिस्त्रीसुद्धा एकदा खाली मान घालून म्हणाले, “बाई, मला लाज वाटती. लोक मला हात जोडत्यात आन ही आत बसती. पर ज्या दिवशी कळंल, त्या दिवशी धंदा बंद.”

पुढं एका वकीलसाहेबांनी वेगळीच काठी सांगितली. त्यांच्या भाच्यानं परदेशातून रीळ आणलं होतं, ते काठीच्या खाली लोंबणारं नव्हे, वर बसणारं. लांब फेकायची काठी. म्हणजे कड्याही वरच्या अंगाला. मिस्त्रींनी असली काठी कधी बांधली नव्हती. श्रावण होता. श्रावणात गळाला सुट्टी असते, त्यामुळं दोघांना वेळच वेळ.

मिस्त्रींनी नेहमीच्याच मोठ्या कड्या नेहमीच्याच अंतरानं लावल्या. वहिनींनी ओढलं मात्र, तंगूस मधल्या बाकाला काठीच्या पाठीवर सपशेल आडवा झाला.

“काठीवर झोपलं की वो हे!” वहिनी ओरडल्या. “खालनं तंगूस असला की त्यो काठीपास्नं लांब पळतो. वरनं असला की अंगावर येतो. कड्या वाडवा.”

“वाडवल्या तर टोक जड हुईल. फेक जानार न्हाय.”

“म्हनून तर बारीक घ्या. टोकाला एका पायाच्या घ्या. बारक्या पोरीच्या नाकात जाड नथ घातल्यावानी केलंय तुमी, मान टाकली तिनं.”

अख्खा श्रावण हेच. कडी बदल, सरकव, ओढ, परत सरकव. बुडाकडं दोन पायांच्या दणकट, म्हणजे दोन्हीकडून काठीला बांधलेल्या, पुढं बारीक होत गेलेल्या, टोकाला अगदी दाट. वहिनींच्या पहिल्या बोटाला कायमचा वळ पडला. गौरी आल्या त्या आठवड्यात एके दिवशी त्यांनी ओढलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. तंगूस काठीच्या वाकाबरोबर असा सुरेख वळला होता, कुठं टेकणं नाही, कुठं कोपरा नाही. मिस्त्रींनी विचारलं, “घासतंय?” त्यांनी नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी कुंपणापाशी उभी होते, मला काठीतलं ओ की ठो कळत नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला.

वकीलसाहेबांना त्या काठीवर कळंब्याच्या तलावात ही एवढी मरळ लागली. ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. “मिस्त्री, तुमच्या हातात देव आहे हो देव!”

आत परात आपटल्याचा आवाज आला. मी मागच्या दारानं गेले तर वहिनी पिठाच्या हातानं तोंड दाबून हसत होत्या. “ऐकलासा न्हवं? देव हितं भाकऱ्या थापतोय.”

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. भर दुपारी दुकानात, मोटारीत तार भरता भरता मिस्त्री गेले. छातीत कळ आली आणि संपलं. शाळेत निरोप आला तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. हातातला खडू कुठं गेला मला आठवत नाही. सकाळी तर माणूस नळावर माझ्याशी बोलला होता.

दिवसकार्य झाल्यावर गळवाली मंडळी भेटायला आली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दाटीनं बसली. मी वहिनींजवळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. वकीलसाहेब म्हणाले, “असा हात पुन्हा होणे नाही. आता आम्ही काठ्या कुणाकडं न्यायच्या?” सगळ्यांनी माना डोलवल्या. कुणी तरी उसासा टाकला.

आणि वहिनी उठल्या.

“हात हितंच हाय,” त्या म्हणाल्या. त्यांनी बोट पुढं केलं, त्याच्यावरचा वळ दाखवला. “तुमच्या समद्यांच्या कड्यांच्या जागा मी काडल्यात. ह्यांनी धरायची, मी ओडायची. आता काळजी करू नगा. काठी तुमची तुमी धरा, ओडायला मी हाय. दोरा गुंडाळायला बी शिकलीया मी. काम बंद पडायचं न्हाय.”

आणि त्या हसल्या! मिस्त्री गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. त्यांना वाटलं होतं, ही माणसं आता हुश्श म्हणतील. कळलं तर धंदा बंद, हे वर्षानुवर्षं ज्या मला सांगत होत्या, त्याच वहिनी! पुढं मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “आता लपायचं कुनाच्या मागं, बाई? हात गेला हात गेला म्हनाय लागली, मला ऱ्हावलं न्हाय. आन पोट हाय की मला.”

त्या खोलीत मात्र एकानं चहाचा कप खाली ठेवला. जयसिंगपूरचे एक जण चाचरत म्हणाले, “म्हंजे... आमच्या काठीला बी?”

“व्हय की, तुमच्या बी.”

एकेक जण उठला. चपला शोधायची ती घाई मी जन्मात विसरणार नाही.

चार दिवसांनी पहिली काठी परत आली. आली म्हणजे सकाळी दाराला टेकवलेली दिसली, माणूस नाही. मग दुसरी. मग कुणी पोराच्या हाती पाठवली, कुणी एसटीतून. मी हादरून गेले. अहो, याच काठ्यांवर या लोकांनी वर्षानुवर्षं मासे मारले होते! भिंतीवर फोटो लावले होते! एकानं म्हणे काठी परत न करता पंचगंगेत बुडवून शुद्ध करून घेतली. आता गळाची काठी कोरडी कधी असते, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

वकीलसाहेब मात्र स्वतः आले. काठी दोन्ही हातांत आडवी धरून.

“वहिनी, माझा नाही हो विश्वास असल्या गोष्टींवर.”

“मग?”

“पण मनात येतं. काठी उचलली की मनात येतं, आणि एकदा मनात आलं की फेक पडत नाही.”

माझा तोल सुटला. “वकीलसाहेब, ती मरळ तळून खाल्लीत ना? मग ती पण ओकून द्या की इथं!”

त्यांचा चेहरा पडला. वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाल्या, “ठेवा तितं.” आवाज चढला नाही की डोळा ओला झाला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग एक दिवस शाळेला सुट्टी होती. मी परसात आले तर वहिनी उन्हात बसलेल्या. सगळ्या काठ्या भिंतीला लावलेल्या आणि हातात दाढीचं अर्धं पातं. मिस्त्रींनी गुंडाळलेला तो रेशमी दोरा त्या सरासरा कापत होत्या. कडी सुटली की बाजूला, पुढची.

“वहिनी! वेड लागलंय का? अहो, विका त्या! कुणीतरी घेईल!”

“माज्या कुटं हायत्या विकाय? पैकं त्यांचं, काठी त्यांची, कड्या बी त्यांच्या.”

एकेका काठीच्या कड्या त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधल्या आणि ती पुडी त्या त्या काठीलाच अडकवली. मग फडकं रॉकेलमध्ये बुडवून वार्निश काढलं आणि त्यावर पॉलिशपेपर मारायला बसल्या. कडीच्या जागी थोडा उंचवटा राहतो, रंग वेगळा दिसतो. तो जाईपर्यंत घासलं. मी म्हटलं, “हे कशाला आता?” त्यांनी पुढची काठी मांडीवर घेतली. वकीलसाहेबांच्या काठीला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तिच्यावर हात फिरवताना एकदा थांबल्या, मग परत घासायला लागल्या.

सामान घेऊन जावा, असा निरोप गेला. आणि काय आश्चर्य, सगळे आले! खुशीत आले हो! बाईचा हात निघाला म्हणे, काठी कोरी झाली. एक जण तर तोंडावर म्हणाला, “हे बेस केलासा वहिनी.” मी दात-ओठ खात बघत राहिले.

वकीलसाहेब शेवटी आले. त्यांनी पुडी सोडली, कड्या तळहातावर घेतल्या, काठीवर बोट फिरवलं. वर-खाली, वर-खाली. मग त्यांच्या लक्षात आलं.

“वहिनी, एखादी खूण तरी ठेवायची. या कुठं कुठं होत्या?”

“सामान समदं हाय. बगून घ्या.”

“सामान आहे हो. पण जागा?”

“जागा माज्या हुत्या,” वहिनी म्हणाल्या. “त्या मी ठेवून घेतल्या.”

आणि दार लावून घेतलं. वकीलसाहेब बोडकी काठी घेऊन गल्लीत उभे. मीही उभी. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या आणि रडूही येत होतं.

त्यानंतर आठवडा गेला असेल नसेल. शाळेतून आले तर शेजारी कुलूप. घरमालक म्हणाला, सकाळच्या गाडीनं शाहूवाडीकडं भावाच्या गावी गेल्या, घर सोडलं. मला सांगितलं नाही. मला! इतक्या वर्षांचा शेजार, रोजची वाटी इकडून तिकडं. राग आला, तो अजून गेलेला नाही. खोटं कशाला बोलू, त्यांची आठवण आली की आधी रागच येतो आणि मग बाकीचं.

घर रिकामं झाल्यावर एकदा मी त्यांच्या परसात गेले. तिकडच्या टोकाला, धुण्याच्या दगडापुढं, जमिनीत दोन खळगे होते, शेजारी शेजारी. टाचा रोवून रोवून पडलेले. आत माती दगडासारखी घट्ट झालेली. इतकी वर्षं मी कुंपणापलीकडून काठीकडंच बघत होते, ते माझ्या नजरेलाच आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू आला. चांगला माणूस, बँकेत नोकरीला. पहिल्या रविवारी त्यानं तिथं खडी ओतली, वरून शहाबादी फरशी घातली. मी कुंपणापाशी जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडले. तो बिचारा घाबरून माझ्याकडं बघत राहिला.

“अहो बाई,” तो म्हणाला, “खड्डेच तर होते.”